घरात बाळ आले, बापाने कुठे बसावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



 मी काही शिकलेली वक्ती नव्हे. सातवी झाली आणि पुढचे सारे शिक्षण चुलीपाशी व बांधीत झाले. तेव्हा बोलण्यात काही उणे आढळले तर सांभाळून घ्यावे.

दरवर्षी या व्यासपीठावरून बाळंतिणीचा आहार, बाळाचे न्हाणे, मुलींचे शिक्षण असे विषय आपण ऐकतो. ते चांगलेच आहेत. परंतु घरात बाळ आले म्हणजे तिथे आणखी एक माणूस नवा होतो, त्याच्याविषयी मात्र कुणी बोलत नाही. तो म्हणजे बाळाचा बाप. काल-परवापर्यंत जो मित्रांबरोबर हिंडत होता, नाटकाला जात होता, कबड्डी खेळत होता, तो एका रात्रीत बाप होतो. त्याने घरात कसे राहावे, त्याच्या हिंडण्या-फिरण्याचे आणि छंदाचे काय व्हावे, यावर आज मला बोलायचे आहे.

तुम्ही म्हणाल, बायकांच्या मंडळात पुरुषांचा विषय कशाला? माझे म्हणणे असे की, बापाला घरात आणायचे की दाराबाहेर ठेवायचे, हे बरेचसे आपणा बायकांच्याच हातात असते. पहिले बाळंतपण माहेरी होते. बाप चार-आठ दिवसांनी पाहुण्यासारखा येतो, चहा घेतो, बाळाच्या मुठीत नोट ठेवतो आणि निघतो. त्याने बाळ उचलायला हात पुढे केला, तर घरातली एखादी म्हातारी लगेच म्हणते, "राहू दे बाप्पा, तुला का समजते? मान मोडशील पोराची." मग तो बिचारा हात मागे घेतो. पुढे दोन-तीन महिन्यांनी बाळ-बाळंतीण सासरी येतात, तोवर त्याला बाळाची सवय नाही आणि बाळाला त्याची नाही. त्यानंतर तो चौकात जाऊन बसला तर आपणच म्हणतो, "याला घराची ओढ नाही." ओढ लागायला आधी हातात बाळ द्यावे लागते, बायांनो!

आता यात जिवाची गोष्ट कोणती, ते सांगते. आपला गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. त्यानंतर १९८६ पासून डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग हे दांपत्य 'सर्च' या संस्थेतर्फे इथे काम करीत आहे. आपल्याकडची तान्ही बाळे फार दगावतात, हे त्यांनी गावोगावी मोजून दाखवले. मग त्यांनी ३९ गावांत त्या-त्या गावच्याच, थोड्या शिकलेल्या बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू, तुलनेला घेतलेल्या गावांपेक्षा, ६२ टक्क्यांनी कमी झाले. हे १९९९ साली 'लॅन्सेट' या विलायतेच्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले. २०११ पासून सरकारने हीच रीत देशभर आशाताईंच्या हाती दिली. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल, तर आशाताई ३ऱ्या, ७व्या, १४व्या, २१व्या, २८व्या आणि ४२व्या दिवशी घरी येऊन बाळ पाहते. घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही येते.

मला यातून एवढेच सांगायचे आहे की, जे काम माझ्यासारख्या सातवी शिकलेल्या बाईला शिकता आले, ते बापाला का येऊ नये? आशाताई येते तेव्हा बाप बहुधा घरी नसतो, आणि असला तर ओसरीवर असतो. त्याला आत बोलवावे. बाळ नीट चोखते की नाही, अंग गार पडले का, हातपाय लुळे पडले का, छाती आत ओढली जाते का, हे त्याला पाहू द्यावे. बाळ शांत असताना घड्याळ लावून एका मिनिटातले श्वास मोजू द्यावेत. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास पुन्हा मोजूनही ६० किंवा अधिक भरले, तर ताबडतोब दवाखाना गाठायचा असतो. रात्री दोन वाजता पाऊस कोसळत असताना गाडी शोधायची वेळ आली, तर धावायचे कुणी? बापानेच ना? मग काय पाहून धावायचे, हेही त्याला ठाऊक असायला हवे. बाळ कमी वजनाचे जन्मले तर त्याला उघड्या छातीशी धरून, वरून पांघरूण घेऊन ऊब द्यायची असते. ती छाती आईचीच हवी असे नाही. बापाच्या छातीलाही देवाने ऊब दिली आहे.

आणखी एक काम बापाने अंगावर घ्यावे. जन्मल्यावर तासाभराच्या आत बाळाला आईचे दूध मिळावे आणि पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज मध, घुट्टी, पाणी काहीही देऊ नये, असे डॉक्टर सांगतात. परंतु घरात चार मोठी माणसे असतात, चार मते असतात, आणि ओल्या बाळंतिणीला सासूपुढे तोंड उघडवत नाही. तिथे मुलाने आईला गोडीने सांगितले, "माय, डॉक्टरने नाही म्हटले आहे, राहू दे," तर घरात भांडण न होता काम होते. सून बोलली तर ती उलट बोलली असे होते, मुलगा बोलला तर तो शिकलेला ठरतो. ही जगरहाटी आहे. तिचा चांगला उपयोग करून घ्यावा.

केंद्र सरकारच्या पुरुष नोकरांना दोन मुलांपर्यंत १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. ही सोय १९९७ सालापासून आहे. आपल्याकडचे बाप मात्र बहुतेक शेतकरी, मजूर, छोटे दुकानदार. त्यांना रजा कोण देणार? ती घरच्यांनीच द्यायची. ऐन रोवणीत बाळ जन्मले तर पऱ्हे थांबत नाहीत, हे मला कळते. तरी दिवसातून एक वेळ, सकाळी नाही तर दिवेलागणीला, बाळ बापाच्या हवाली करावे. तेवढ्यात बाळंतीण सावकाश आंघोळ करील, दोन घास गरम खाईल, पाठ टेकवील.

आता छंदाकडे वळते. पुरुषांचे छंद मी तीन तऱ्हेचे पाहिले.

पहिली तऱ्हा म्हणजे जे छंद नव्हेतच, व्यसने आहेत. खर्रा घोटणे, पत्ते कुटणे, दारू पिणे. दारूसाठी आपल्या जिल्ह्यातल्या बाया व गावे लढली आणि १९९३ पासून जिल्ह्यात दारूबंदी आहे. पण खर्रा अजून घरोघरी आहे, आणि खरे सांगायचे तर काही बायांच्या पदरालाही आहे. बापाच्या हाताला तंबाखू-चुना लागलेला, त्याच हाताने तो बाळाच्या तोंडाला बोट लावतो. दिवसाला तीन-चार खर्रे म्हटले तर महिन्याला किती पैसे होतात आणि तेवढ्यात बाळंतिणीला अंडी, डाळ, फळे किती येतील, याचा हिशेब प्रत्येकीने घरी मांडावा. मोबाईलवर रात्र-रात्र डोळे लावून बसणे मी याच तऱ्हेत धरते. बाळाचे रोज दहा फोटो काढणारा, पण ओले दुपटे न बदलणारा बाप तुम्हीही पाहिला असेल.

दुसरी तऱ्हा म्हणजे चांगले छंद, पण माणसाला घराबाहेर ओढून नेणारे. आपल्याकडे तो मोठा छंद नाटकाचा आहे. दिवाळी झाली की होळीपर्यंत झाडीपट्टीत गावोगावी मंडई, शंकरपट आणि रात्रभर नाटक. वडशाहून कंपन्या निघतात, आणि हौशी मंडळी गावातही नाटक बसवतात. हे आपले भूषण आहे. आपल्याच जिल्ह्यातले झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली सरकारने पद्मश्री दिली, तेव्हा आपणा साऱ्यांनाच आनंद झाला. तेव्हा नाटक वाईट, असे मी म्हणणार नाही.

पण माझ्या घरातली गोष्ट सांगते. माझे धाकटे दीर गावच्या नाटकात हार्मोनियम वाजवतात. त्यांना ऐन दिवाळीच्या सुमारास मुलगी झाली. घरात दोन पक्ष पडले. सासरे म्हणाले, "आता बाप झालास, पेटी विकून टाक." मित्र म्हणाले, "बाळ काय, बाया सांभाळतात. तू तालमीला ये." दीर माझ्यापाशी येऊन म्हणाले, "वहिनी, तुमीच सांगा, आता का करू?" मी काय सांगणार? मी जाऊबाईंना विचारले. ती म्हणाली, "पेटी विकू नका. पण मला रात्री एकटी ठेवू नका. पोरगी रात्रभर रडते अन् मी भिंतीकडे पाहात बसते."

पेटी जिवाची, आणि बाईची रात्रही जिवाची! त्यावर घरातच तोड निघाली. आठवड्यात दोनच रात्री बाहेर, तेही त्या रात्री मी किंवा सासूबाई जाऊबाईंपाशी निजणार म्हणून. बाकी तालीम आमच्या छपरीत, दिवेलागणीनंतर जेवणापर्यंत. मंडळी पहिले चार दिवस संकोचली, मग रुळली. विडी-खर्रा छपरीत चालणार नाही, असे सासूबाईंनी ठणकावून सांगितले, तेही त्यांनी मानले. आणि गंमत अशी झाली की, पेटीचा सूर लागला की पोरगी रडायची थांबे. पुढेपुढे तर दीर एका हाताने पाळण्याची दोरी ओढत आणि दुसऱ्या हाताने सूर धरून बसत, भाता हलवायला माझा मुलगा! जाऊबाई बाजेवर पडून ऐकत. पूर्वी जे नाटक तिला सवतीसारखे वाटे, त्यातली पदे आता तिला पाठ आहेत.

ही झाली तिसरी तऱ्हा. छंद तोच, पण घरात आणलेला. माझ्या मते नव्या बापाच्या छंदाची परीक्षा एवढीच: तो घरात आणता येतो का? त्यात बायकोला आणि लेकराला जागा आहे का? जागा असेल तर तो छंद जन्मभर टिकतो, आणि नसेल तर आज ना उद्या छंद तरी जातो नाही तर घर तरी तुटते.

याचा सगळ्यात मोठा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. इथून आष्टी, आलापल्ली करीत भामरागडच्या रस्त्याला लागले की हेमलकसा येते. तिथे २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला, आणि त्यांचे चिरंजीव डॉ. प्रकाश आमटे व सूनबाई डॉ. मंदाकिनी तिथे राहायला गेले. दोघे नव्या लग्नाचे, दोघे नागपूरला डॉक्टरी शिकलेले. वीज नाही, धड रस्ता नाही, पावसाळ्यात नद्या भरल्या की जगाशी संबंध तुटलेला. अशा जागी त्यांनी संसार मांडला आणि तिथेच मुले वाढवली.

एकदा काही शिकारी माडिया बांधव मारलेली माकडीण घेऊन चालले होते आणि तिचे जिवंत पिलू तिच्या छातीला चिकटलेले होते. ते पिलू प्रकाशभाऊंनी मागून घेतले आणि घरी आणून वाढवले. त्याचे नाव बबली. मग एकामागून एक बिबट्याची पिले, अस्वले, कोल्हे, हरणे अशी अनाथ जनावरे त्या अंगणात येत गेली. नेगल नावाच्या बिबट्यावर तर तिथलेच कार्यकर्ते विलास मनोहर यांनी अख्खे पुस्तक लिहिले आहे. आता विचार करा. कुणी म्हणेल, घरात लहान मुले आणि याला वाघ-अस्वलांचा नाद! पण तो नाद त्यांनी घराबाहेर चोरून केला नाही. बायको त्यात होती, मुले त्यात होती, दवाखान्याला आलेले माडिया लोक त्यात होते. १९७६ साली तिथे शाळा सुरू झाली, तर स्वतःची मुलेही माडिया मुलांबरोबर त्याच शाळेत बसवली. आज थोरले दिगंत तिथला दवाखाना पाहतात, धाकटे अनिकेत शाळेचे व प्रकल्पाचे काम पाहतात. २००८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो एकट्या प्रकाशभाऊंना नव्हे, मंदाताईंसह दोघांना मिळाला. मला त्या पुरस्कारातली ही गोष्ट सर्वांत आवडते.

आपण कुणी बिबट्या पाळायचा नाही. तशी हिंमत नाही आणि कायदाही नाही. आपल्याला घ्यायचे ते एवढेच की, बापाच्या आवडीचे काम आणि बापाची माणसे एकाच अंगणात नांदू शकतात. कुणाला सुतारकामाचा नाद असेल, त्याने पांगुळगाडा करावा. कुणाला भजनाचा असेल, त्याने पाळण्याशी बसून म्हणावे. कुणाला परसात भाजीपाला लावायचा असेल, त्याने बाळाला कडेवर घेऊन वेलाला पाणी घालावे. मासे धरायला तलावावर जाणाऱ्याने आणलेले मासे स्वतः साफ करून बाळंतिणीला कालवण करून घातले, तरी तो छंद घरात आला असे मी म्हणेन.

आता हिंडण्या-फिरण्याविषयी. आपल्याकडे मोठी सहल म्हणजे महाशिवरात्रीची मार्कंड्याची जत्रा. नव्या बापाला हौस असते की, लेकराला पहिल्याच वर्षी देवाच्या पायावर घालावे. हौस चांगली आहे. पण जत्रेच्या त्या दिवसांत गर्दी, धूळ, ऊन, रांग, आणि दूध पाजायला आडोसा नाही. तान्ह्या बाळाला त्या गर्दीत नेण्यापेक्षा जत्रा ओसरल्यावर साध्या दिवशी सकाळी न्यावे. देव तोच, वैनगंगा तीच. तिथे ती उत्तरेकडे वळून वाहते म्हणून त्या जागेचे माहात्म्य. दगडातली मूर्तिकामे निवांत पाहता येतात, आईला सावलीत बसून बाळाला घेता येते.

आणि मार्कंड्याची कथा तरी कुणाची आहे? मृकंडू ऋषींना देवाने विचारले, "दीर्घायुषी पण मंदबुद्धी मुलगा हवा, की गुणी पण सोळा वर्षांचाच?" त्यांनी गुणी मुलगा मागितला, आणि पुढे शंकराने त्या मार्कंडेयाला यमाच्या पाशातून सोडवले. यम तेव्हा सोळाव्या वर्षी आला. आपल्याकडे तो पहिल्या महिन्यातच दारात उभा राहतो. त्याला परतवायला बापाने नवस बोलावा, त्याबरोबर श्वासही मोजावेत, असे मला वाटते.

बाळाला घेऊन निघण्याआधी दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी झाल्या की नाहीत, हे बापाने कार्डावर पाहावे. सोबत पाणी, दुपटी, टोपडे घ्यावे. उन्हाच्या आत परत यावे. पिशवी बापाने धरावी, आणि परतताना बाळही त्यानेच धरावे. नाही तर सहल त्याची आणि ओझे तिचे, असे होते. मूल चालू-बोलू लागले की मग चपराळ्याला न्यावे. तिथे अरण्य आहे, वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते, तो संगम दाखवावा. बापाच्या खांद्यावर बसून पाहिलेली नदी मूल विसरत नाही.

शेवटी एक मागणे आपल्या मंडळासाठी मांडते. आपल्या सभासदांची वही उघडून पाहा. लग्न होऊन आलेली मुलगी हौसेने नाव घालते, हळदीकुंकवाला येते, भजनात गाते. बाळ झाले की तिचे येणे थांबते, ते दोन-दोन, तीन-तीन वर्षे. काही तर पुन्हा येतच नाहीत. नवऱ्याच्या छंदाला घरात जागा करून दिली, मग बायकोचा छंद कुठे गेला? आमच्या जाऊबाईंना रांगोळी फार सुंदर येते. दिरांनी पेटी ठेवली, तर तिचे रांगोळीचे डबे का फडताळात पडावेत? म्हणून घरात ठरले की, मंडळाच्या सभेच्या दिवशी दुपारचे दोन तास मुलगी बापाकडे. आज या मंडपाच्या दारातली रांगोळी तिनेच काढली आहे, आणि मुलगी या घटकेला बापाच्या मांडीवर आहे. रडत असेलही. बाप पाहून घेईल.

तेव्हा माझी सूचना अशी की, ज्यांच्या घरी तान्हे बाळ आहे, त्या सभासदांच्या घरी मंडळाच्या दोन वडीलधाऱ्या बायांनी सभेच्या आदल्या दिवशी जावे आणि बाळाच्या बापालाच आमंत्रण द्यावे: "उद्या दोन तास तुमच्या बाईंना आमच्याकडे पाठवा, आणि बाळ तुम्ही सांभाळा." सासूबाईंच्या समोर सांगावे, म्हणजे त्यालाही संकोच होणार नाही. वडीलधाऱ्या बायांनी सांगितल्यावर आपल्या गावात सहसा कुणी नाही म्हणत नाही. ही सूचना कार्यकारी मंडळाने विचारात घ्यावी, अशी माझी नम्र विनंती आहे.